‘ड्रिफ्ट’मधला ट

संस्कृत वैयाकरणांनी धातूंची मोजदाद केली, तेव्हा ‘जाणे’ या एकाच अर्थाचे धातू त्यांना इतके आढळले, की प्रत्येकाची छटा वेगळी सांगण्याचे सोडून त्यांनी शेकडोंपुढे नुसते ‘गतौ’, म्हणजे ‘जाण्याच्या अर्थी’, एवढेच लिहून ठेवले. विद्यार्थिदशेत वाटते, पूर्वसूरींनी येथे अंमळ आळस केला. वय वाढले म्हणजे उमजते, की माणसाचे अवघे जगणे कोणत्या ना कोणत्या जाण्यातच मोडते आणि एका जाण्याचा दुसऱ्या जाण्याशी असलेला भेद कोशात मावणारा नसतो. त्याच आचार्यांनी गतीचे धातू ज्ञानाचेही मानले. मराठीत तर ‘जाणे’ आणि ‘जाणणे’ ही क्रियापदे, कुळे वेगळी असूनही, सख्ख्या बहिणींसारखी शेजारी नांदतात.

परंतु गतीविषयी ज्याला खरोखर काही कळलेले असते, तो बहुधा थांबलेला असतो. स्थैर्य हा गुण आपण पर्वताच्या ठायी पाहतो आणि त्याला नमस्कार करतो; वास्तविक पर्वताला दुसरे काही करताच येत नाही. दीपस्तंभाचे तसे नाही. तो जेथे उभा असतो, तेथे पूर्वी कधीतरी एखादे तारू फुटलेले असते. त्याचे उभे राहणे ही एक आठवण असते आणि ती आठवण सुखाची नसते. मला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्या बाई एका शब्दापाशी अशाच आयुष्यभर उभ्या राहिल्या.

त्यांचे नाव सोलांज मार्गोले. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बुलोन बंदरात त्यांनी तेहतीस वर्षे खलाशांना इंग्रजी शिकवले. आठवडाभर त्या मुलींच्या शाळेत असत. शनिवारी दुपारी बोटी धक्क्याला लागल्या, की त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या जेवणघरात मच्छीमार जमत. सागरी परीक्षेत इंग्रजीची तोंडी परीक्षा असे. ती उतरल्याशिवाय बोटीचे तांडेलपण, म्हणजे कप्तानकी, मिळत नसे आणि पुढे पुढे तर रेडिओलाही हात लावता येत नसे. मी त्याच घराच्या तळमजल्यावर चोवीस वर्षे भाड्याने राहिलो. डोक्यावर दर शनिवारी रबरी बुटांची धपधप सुरू झाली, की घड्याळ न पाहता मला वेळ कळे.

त्यांच्या शिकवण्याचा सगळा भर गतिवाचक क्रियापदांवर होता. त्याला कारण होते. फ्रेंच माणूस आधी कुठे गेला ते सांगतो आणि कसा गेला ते, आठवलेच तर, मागून जोडतो. तो नदी ओलांडतो, पोहून. खोलीत शिरतो, लंगडत. आपल्या मराठीची ठेवणही याबाबतीत फ्रेंचच्याच जवळची आहे. इंग्रजीचे उलटे. तेथे माणूस पलीकडे पोहतो, आत लंगडतो. गतीची रीत तेथे क्रियापदाच्या पोटातच असते आणि दिशा एका इवल्याशा अव्ययावर सोपवलेली असते. बुलोनचा खलाशी हे अव्यय हटकून गिळतो.

“इंग्रज माणूस आधी पाय कसे हलतात ते बघतो,” सोलांजबाई सांगत, “कुठे पोहोचले, ते मागाहून. तुम्ही आधी पोहोचता आणि मग पाय शोधत बसता.”

“मादाम, मी लेओकादीच्या कॅफेत जातो, त्याला काय शब्द?” एलॉय नावाचा एक जाडजूड खलाशी विचारी. तो चार वर्षे वर्गाला येत होता आणि परीक्षेला एकदाही बसला नव्हता.

“जाताना? स्ट्रोल. रमतगमत जाणं.”

“आणि बाहेर येतो तेव्हा?”

“स्टॅगर. झोकांड्या खात.”

“आणि दारात बायको उभी असली तर?”

“टिपटो. चवड्यांवर. पण एलॉय, तुझ्या वजनाला तो शब्द पेलायचा नाही.”

सगळे हसत. बाई मात्र हसत नसत. फळ्यावर तिन्ही शब्द लिहून त्या प्रत्येकाकडून दहा दहा वेळा म्हणवून घेत.

त्यांची एक पद्धत मी दुसरीकडे कोठे पाहिली नाही. जेवणाच्या टेबलावर त्या इंग्लिश खाडीचा जुना सागरी नकाशा पसरीत आणि त्यावर एक पितळी बटण ठेवीत. ते बटण म्हणजे बोट. विद्यार्थ्याला त्या बाहेर जिन्याच्या सोप्यात उभे करीत आणि दार लावून घेत. त्याने बंद दारातून, तोंड न दाखवता, हात न हलवता, आपल्या बोटीचे काय चालले आहे ते इंग्रजीत सांगायचे. आत बसलेल्याने जे ऐकू येईल त्याप्रमाणे बटण सरकवायचे. मग दार उघडायचे. बटण भलतीकडे गेलेले दिसले, की विद्यार्थ्याला वेगळे काही सांगावे लागत नसे.

आत बसायला त्यांनी मला बोलावले.

“तुमचं इंग्रजी चांगलं आहे म्हणून नव्हे,” त्या म्हणाल्या. “तुमचे कान इथले नाहीत म्हणून. मी बसले तर त्यांना काय म्हणायचंय ते मला कळतं. ते कळणारं माणूस तिथे नको. जे म्हटलं तेवढंच ऐकणारं हवं.”

दर वर्षी पहिल्या शनिवारी फळ्यावर पहिला शब्द एकच असे: ड्रिफ्ट. वाहवत जाणे. इंजिन नाही, सुकाणूचा उपयोग नाही, पाणी नेईल तिकडे जाणे. फ्रेंचमध्ये याला ‘देरीव्ह’ म्हणतात. त्याच अक्षरांनी लिहिला जाणारा एक शब्द इंग्रजीतही आहे, डिराइव्ह; पण त्याचा अर्थ उगम पावणे, व्युत्पन्न होणे. व्युत्पत्तिकारांच्या तो नित्य उपयोगाचा. समुद्रावर त्याला काडीचा अर्थ नाही. ज्याची मातृभाषा फ्रेंच आहे, त्याच्याच जिभेवर ही चूक येऊन बसते.

“ट म्हणा,” बाई बजावीत. “ड्रिफ्‌ नव्हे. ड्रिफ्ट. तुम्ही शेवटचं अक्षर सोडून देता. दोराची शेवटची गाठ सोडून देता का? ट ही गाठ आहे. ती मारली नाही तर शब्द सुटून जातो.”

हा हट्ट कोठून आला, ते धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होते. निदान तसे सगळ्यांना वाटत होते.

एकोणीसशे एकाहत्तरच्या नोव्हेंबरात बाईंचे यजमान फिर्मँ मार्गोले यांची ‘ला फिदेल’ ही बोट, पाच माणसांसह, समोरच्या इंग्रजी किनाऱ्याजवळ वादळात सापडली. इंजिन बंद पडले. वाऱ्याने अँटेना वाकली होती. आपल्या किनाऱ्याला हाक पोहोचेना, पलीकडच्याला कशीबशी पोहोचत होती. बोटीवर गिस्लँ वादू नावाचा एकोणीस वर्षांचा खलाशी होता. दोन हिवाळे तो बाईंच्या शनिवारच्या वर्गात बसला होता. फिर्मँनी रेडिओ त्याच्या हातात दिला.

“तू शिकलेला आहेस. तू बोल. पण बुडतोय म्हणू नकोस, अजून बुडत नाही आपण. वाहवतोय म्हण. तेवढंच सांग.”

गिस्लँने तेवढेच सांगितले. “वुई देरीव्ह,” तो म्हणाला, दोनदा म्हणाला, आणि जागा सांगितली. पलीकडे रेडिओवर बसलेला माणूस जुना होता. फ्रेंच खलाशांच्या इंग्रजीचा त्याला सराव होता. ‘अराइव्ह’ला हे लोक ‘अरीव्ह’ म्हणतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. सांगितलेली जागा बंदराच्या तोंडाशीच होती. वाऱ्याच्या घोंघाटात त्याने ऐकले, की बोट पोहोचते आहे. “छान,” त्याने उत्तर दिले, “या, स्वागत आहे.” त्यानंतर अँटेना गेली. तासाभराने ‘ला फिदेल’ वाळूच्या दांड्यावर आपटून फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बेल्जियन बोटीने गिस्लँला मासळीच्या खोक्याच्या फळकुटाला धरून तरंगताना उचलले. बाकीचे चौघे मिळाले नाहीत. चौकशीच्या कागदात एक ओळ आहे: ‘बोटीने पोहोचत असल्याचे कळवले होते.’ कोणालाही दोष दिलेला नाही.

दोष धक्क्याने दिला. गिस्लँला तेव्हापासून नाव पडले, ‘लारीव्ह’. आपल्या भाषेत सांगायचे तर, पोहोचलेला. लेओकादीच्या कॅफेत तो शिरला, की कोणीतरी कपातून मान वर न काढता म्हणे, “आला बघा, पोहोचलेला.” कोणी म्हणे, “दार लावून घे रे, पोहोचलास ना!” त्याने कधी उलट उत्तर दिले नाही. मासेमारीही सोडली नाही. सव्वीस वर्षे तो दुसऱ्यांच्या बोटींवर जाळी ओढत राहिला. परीक्षेचे नाव काढले नाही.

त्या दुर्घटनेच्या तारखेला दर वर्षी सकाळी बाईंच्या खालच्या दाराच्या मुठीला वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक धुरवलेला हेरिंग मासा अडकवलेला असे. घंटा वाजत नसे. मी तळमजल्यावर राहत असल्याने आणणारा कोण, ते मला दिसे. बाई वरच्या खिडकीच्या पडद्याआड उभ्या असत, तेही दिसे. बूट कोपऱ्यावरून वळले, की त्या खाली येत, मासा घेऊन जात आणि दुपारी उकडलेल्या बटाट्याबरोबर खात. वास जिन्यात येई. शहरात म्हणत, सोलांज मार्गोलेचे मन मोठे आहे. नवऱ्याच्या मरणाला कारण झालेल्याबद्दल तिच्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला नाही. मीही तेच मानीत होतो.

सत्त्याण्णव सालच्या शरदात गिस्लँ वर्गात आला. सेहेचाळिशीच्या उंबरठ्यावर होता. कानांजवळ पांढरा झालेला, हात जाळ्याच्या दोरांनी कापले गेलेले. ‘सँत गोदलेन’ या बोटीचा म्हातारा तांडेल निवृत्त व्हायचा होता आणि मागे गिस्लँशिवाय लायक माणूस नव्हता. तो परीक्षा उतरला तर बोट त्याच्या हाती राहणार होती. नाही तर ती मोडीत निघणार होती आणि तिच्यावरचे पाच जण बंदराच्या कपेक्यूर भागातल्या मासळीशेडमध्ये गारठ्यात खोकी भरत बसणार होते. परीक्षेला तीनदाच बसता येत असे.

दारात उभा राहून तो टोपी हातात चुरगाळीत होता.

“बस,” बाई म्हणाल्या. “खुर्ची तीच आहे.”

एलॉयने तोंड उघडले. “अरे वा, शेवटी पोहोच...”

“एलॉय,” बाईंनी त्याच्याकडे न बघता म्हटले, “सोप्यात जाऊन उभा राहा. मी बोलावेपर्यंत.” तो दिवस एलॉयने जिन्यात काढला.

गिस्लँ मन लावून शिकला. सगळी क्रियापदे त्याला आली. पलीकडे पोहणे, आत लंगडणे, हळूहळू मागे सरणे, सगळे. दारामागून त्याचा घोगरा, संथ आवाज येई आणि माझे बटण बरोबर जागी जाई. एकच शब्द येत नसे. प्रसंग इंजिन बंद पडल्याचा आला, की तो गप्प होई. परीक्षेत तो प्रसंग हमखास येतो. अठ्ठ्याण्णवच्या वसंतात तो तेथेच थांबला आणि नापास झाला. ऑक्टोबरात परीक्षकाने, दया येऊनच असेल, दोनदा विचारले. दोनदा तो गप्प राहिला. तिसरी वेळ जानेवारीत होती, आणि ती शेवटची.

डिसेंबरातल्या एका शनिवारी बाईंनी इतरांना लवकर घरी पाठवले. त्यांची तब्येत तेव्हा खालावली होती. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबत. मला त्यांनी टेबलाशी बसवले, गिस्लँला बाहेर उभे केले, दार लावले.

त्याने बोटीचे नाव सांगितले, जागा सांगितली, इंजिन बंद असल्याचे सांगितले. “वुई आर...” म्हणाला. पुढे काही नाही. बटण माझ्या बोटांत होते.

“बोल, गिस्लँ,” बाई दाराजवळ जाऊन म्हणाल्या. “इंजिन बंद आहे आणि बोट काही जागेवर उभी नाही. पुढचं सांग.”

“पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, मादाम.”

“मला ठाऊक असून काय उपयोग? टेबलाशी बसलेल्या माणसाला कळलं पाहिजे.”

“नाही येत हो. जिभेपर्यंत येतो, आणि तो दुसराच पुढे घुसतो. बघा, आत्तासुद्धा तोच आला. राहू द्या, मादाम. माझ्या तोंडी तो शब्द शोभत नाही. चार माणसं मारली मी त्याच्यापायी. त्यात तुमचा माणूस.”

बाई दारापासून वळल्या. भिंतीशी मोठे फडताळ होते. त्यातल्या सणाच्या टेबलक्लॉथच्या घड्या त्यांनी एकेक करून बाहेर काढल्या. सगळ्यात खालून निळ्या पुठ्ठ्याची एक शाळकरी वही निघाली. गुडघे दुखत असतानाही त्या खाली वाकल्या आणि ती दाराच्या फटीतून बाहेर सरकवली.

“चौथं पान. सातवं वाक्य.”

आमच्या जिन्यातला दिवा बटण दाबल्यावर दोन मिनिटे जळतो आणि आपोआप विझतो. दाराच्या फटीतला उजेड गेला. बाहेर बटण दाबल्याचा आवाज झाला, पुन्हा उजेड आला. तो पुन्हा गेला. पुन्हा बटण वाजले.

“हे माझं अक्षर आहे,” बाहेरून आवाज आला.

“हो. त्या वर्षीच्या ऑक्टोबरातलं. वही तू न्यायला आलाच नाहीस.”

“‘द बोट डिराइव्ज.’ आणि ही खूण कोणाची?”

“माझी.”

“बरोबरची खूण आहे, मादाम.”

“हो.”

दिवा पुन्हा विझला. या वेळी बटण वाजले नाही. अंधारातूनच तो म्हणाला, “म्हणजे तुम्हीच...”

“तू विचारलं होतंस. वाक्य लिहून विचारलं होतंस आणि मी बरोबर म्हणून सांगितलं.” बाईंनी कपाळ दाराला टेकवले होते, त्या लाकडाशी बोलत असल्यासारखे दिसत होते. “फिर्मँ इथे या दारात कोट घालून उभा होता. म्हणाला, सोलांज, पोरांची वाक्यं पळून जाणार नाहीत, भरती मात्र जाईल, चल, मला सोडायला ये धक्क्यावर. मी वाचलंच नाही. वरून खाली खुणा करत गेले. दहा वाक्यं, दहा खुणा.”

 मग तो बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी हलका होता.

“मला धक्क्यावर काय म्हणतात, ठाऊक आहे तुम्हाला?”

“ठाऊक आहे.”

“माझी पोर शाळेतून रडत यायची. पोहोचलेल्याची पोर म्हणायचे तिला.”

“ती माझ्याच वर्गात होती, गिस्लँ.”

“आणि मी मासा अडकवायचो, तेव्हा तुम्ही वर पडद्यामागे असायचात.”

“असायचे.”

“खायचात?”

“दर वर्षी.”

“सत्तावीस मासे, मादाम. सत्तावीस. आणि दार एकदाही उघडलं नाहीत.”

“भ्याले मी,” बाई म्हणाल्या. “तू मारलंस असं गाव म्हणत होतं, तोवर मी मारलं असं कोणी म्हणत नव्हतं. तेहतीस वर्षांत मी कुणाची एक चूक सुटू दिली नाही, असं लोक सांगतात. ही सुटली होती. ही मी धरून ठेवली आणि तुला वाहू दिलं.”

‘वाहू’साठी त्यांनी वापरलेले फ्रेंच क्रियापद तेच होते: ‘देरीव्ह’.

जिन्यावर बूट वाजले. सावकाश, एकेक पायरी, अंधारात. खालचे दार उघडले आणि मिटले. मी पितळी बटण तसेच धरून बसलो होतो.

“ठेवा ते खाली,” बाई म्हणाल्या. “बोट गेली.”

त्यानंतर तो वर्गाला आला नाही. नाताळ झाला. बाई अंथरुणाला खिळल्या. श्वास पुरत नसे. शनिवारी दोघे-चौघे खलाशी येत, त्यांना त्या पलंगावरूनच शब्द विचारीत. गिस्लँचे नाव त्यांनी काढले नाही, पण पायरीवर बूट वाजले की मान दाराकडे वळे. एलॉय एकदा सुपाचे भांडे घेऊन आला. “मादाम, मी परीक्षेला बसतोय,” म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “आत्ता खोटं बोलशील तर बघ.” तो खरोखर बसला. नापास झाला, तो भाग निराळा.

जानेवारीच्या शेवटी निकाल लागला. बाईंनी मला लेओकादीच्या कॅफेत पाठवले. गिस्लँ काउंटरशी उभा होता, पुढ्यात ब्रँडी घातलेली कॉफी. माझ्याकडे न पाहताच त्याला कळले, मी कशाला आलो ते.

“पास झालो,” तो म्हणाला. “तो शब्द म्हणालो. सांगा त्यांना.”

“आणखी काही सांगू?”

त्याने कॉफी ढवळली. ढवळण्यासारखे तीत काही उरले नव्हते.

“नाही,” तो म्हणाला. मग जरा वेळाने, “वही माझ्याकडे राहील.”

मी परत येऊन सांगितले. बाईंच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असे मला वाटले होते. त्या थोड्या उठून बसल्या.

“ट ऐकू आला?”

“परीक्षकांनी पास केलं म्हणजे...”

“परीक्षकांचं सोडा हो. ते बंद खोलीत बसून ऐकतात. त्याला म्हणायला लावलंत का? ट ऐकू आला का तुम्हाला?”

मी म्हणायला लावले नव्हते. ‘सँत गोदलेन’ त्याच संध्याकाळच्या भरतीला बाहेर पडायची होती. मी म्हटले, बोट परत आली की जातो आणि विचारतो. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केले. चौथ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. बोट अजून बाहेरच होती.

अंत्यविधीला बंदरातली पुष्कळ माणसे होती. पाद्र्याने त्यांच्या क्षमाशीलतेची स्तुती केली. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. मला ठाऊक होते ते त्या जागी सांगण्यासारखे नव्हते, आणि आजवर कोणाला सांगितलेही नव्हते. गिस्लँ आला नाही. परतल्यावर तो दफनभूमीत गेल्याचे कोणी पाहिले नाही. त्याने त्यांना क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात माझी नजर सकाळभर दाराच्या मुठीवर होती. काही अडकवलेले नव्हते.

लेओकादीच्या कॅफेत फळीवर एक रेडिओ सदैव चालू असतो. बाहेर गेलेल्या बोटींची बोलणी त्यावर ऐकू येतात आणि बायका भाजी निवडता निवडता ती ऐकतात. पुढच्या मार्चमध्ये एका दुपारी मी तेथे बसलो होतो. वारा मोठा होता, रेडिओत खरखर होती. तीतून एक घोगरा, संथ आवाज इंग्रजीत आला. ‘सँत गोदलेन’ बोटीवरून खाडीतल्या सर्व जहाजांना इशारा: साखळी तुटलेला एक तरंगता बोया सुटला आहे, वाहवत चालला आहे. जागा सांगितली. पुन्हा एकदा सांगितले.

“पोहोचलेला बोलतोय,” लेओकादी पेला पुसत म्हणाली.

“तांडेल म्हण,” कोपऱ्यातून एलॉय म्हणाला. “तांडेल बोलतोय.”

मी दोन्ही वेळा कान देऊन ऐकले होते. ट स्पष्ट होता. हे ज्यांना सांगायचे, त्यांना जाऊन वर्ष उलटले होते.

आता वरच्या मजल्यावर दुसरे कुटुंब राहते. नकाशा आणि पितळी बटण माझ्या टेबलाच्या खणात आहेत. निळी वही गिस्लँकडे आहे. शनिवारचा वर्ग बंद झाला. त्यात शिकलेले खलाशी अजून समुद्रावर आहेत, आणि त्यांतला एकही जण तो ट गिळत नाही.